घड्याळजीच्या घरात पळतं घड्याळ

“बाबा, आपल्या घरातलं एक घड्याळ मुद्दाम पुढे पळवलं तर चालेल का?”

बटणने विचारलं आणि बाबांच्या हातातला टोस्ट चहात गेला तो गेलाच. चमच्याने त्याला वर काढायचंही त्यांना सुचलं नाही. भर रस्त्यात कुणी हाक मारून चोर म्हणावं, तसा त्यांचा चेहरा झाला.

“कुठलं घड्याळ?” त्यांनी विचारलं. मग आवाज खाली आणून, “तुला कुणी सांगितलं?”

“मला कोण सांगणार? मीच विचारतेय.”

बटणच्या खिशातून दबक्या हसण्याचा आवाज आला. खिशात फोन होता, फोनवर तिघी मैत्रिणी होत्या, आणि शाळेच्या पायरीवर बसून त्या तिघींनीच पैज लावली होती. “घड्याळजीच्या घरात हा प्रश्न विचारून दाखव! आणि फोन चालू ठेव, आम्हाला पण ऐकू दे.”

सहा महिन्यांपूर्वी असली पैज कुणी लावलीच नसती. तोंडाला बटण लावल्यासारखी गप्प बसायची म्हणून तर तिचं नाव बटण पडलं होतं. पण गेल्या महिन्यात तिने आईसाठी एकेक भाग आणून स्वतःच्या हाताने अख्खा कॉम्प्युटर जोडला, आणि तो पहिल्याच फटक्यात सुरू झाला. तेव्हापासून बटण जे उघडलं ते लागायचं नावच घेईना. वर्गात ती हात वर करायची, दुकानात “हे नको, ते दाखवा” म्हणायची, आणि मुख्याध्यापिकाबाईंना तर तिने तोंडावर सांगितलं होतं की शाळेची घंटा रोज दहा मिनिटं उशिरा होते.

ती होतच होती. बटण पहिलीपासून बघत आली होती. घरून वेळेवर निघावं, तर शाळेचं फाटक अजून बंद. मैत्रिणी म्हणायच्या, “तू काय झाडू मारायला येतेस का गं?” बटणचं म्हणणं, त्याच आळशी. एरवी बाबा कुणाच्या घरी गेले की पाण्याचा पेला हातात घ्यायच्या आधी स्टुलावर चढून त्यांचं भिंतीवरचं घड्याळ नीट लावायचे. पण शाळेच्या घड्याळाचं नाव काढलं की म्हणायचे, “शाळेच्या कारभारात आपण कशाला लुडबुड करायची?”

बाजारातल्या कोपऱ्यावर बाबांचं घड्याळदुरुस्तीचं छोटं दुकान होतं. डोळ्याला भिंग लावून ते दिवसभर तिथे बसायचे, आणि घड्याळांबद्दल त्यांची मतं फार कडक होती. “मागे पडणारं घड्याळ दमलेलं असतं,” ते गिऱ्हाइकांना सांगायचे. “त्याच्यावर माया करावी. पण पुढे जाणारं घड्याळ खोटं बोलत असतं.” घरात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक यंत्राची वेळ ते स्वतः लावायचे. आईचा फोन, बटणचा फोन, आणि बटणने जोडलेला नवा कॉम्प्युटरसुद्धा. “आपोआप वेळ घेतो म्हणे! कुणाकडून घेतो? आपण त्याला ओळखतो का?” असं म्हणून त्यांनी ती सोय बंद केली होती आणि स्वयंपाकघरातल्या मोठ्या घड्याळाकडे बघून काटा न काटा जुळवला होता.

“आईच्या कॉम्प्युटरचं घड्याळ म्हणतेय मी,” बटण म्हणाली. “भिंतीवरचं नाही. प्रोसेसरला आतून एक ठोका असतो, त्या ठोक्यावर तो काम करतो. ठोका जलद केला की काम लवकर उरकतं. त्याला ओव्हरक्लॉक करणं म्हणतात.”

बाबांनी इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरचा पेपर फडफडला. “कॉम्प्युटरचं होय!” मग लगेच त्यांच्यातला घड्याळजी जागा झाला. “तरीपण. ज्याने तो बनवला, त्याने विचार करूनच ठोका लावून दिला असेल ना?”

“ते घाबरून लावतात, बाबा. थोडा वेग राखून ठेवतात. आणि मला काही करायचंच नाहीये. एक सॉफ्टवेअर आहे, ते सगळं आपोआप करतं. एकेक पायरी वेग वाढवत नेतं. कॉम्प्युटर कोसळला की एक पायरी खाली येतं आणि म्हणतं, हा घ्या तुमचा वेग.”

“म्हणजे पडेपर्यंत पळवायचं, आणि पडलं की म्हणायचं, जरा अलीकडे थांबायला हवं होतं.”

“अगदी बरोबर!”

“मी कौतुक केलेलं नाही, बाळा.”

तेवढ्यात आई मध्ये पडली. “करू दे हो तिला. माझंच काम आहे.”

काम खरंच आईचं होतं. इमारतींचे नकाशे काढणाऱ्या एका ऑफिसात ती अठरा वर्षं नोकरी करत होती. तिने काढलेल्या नकाशांच्या कोपऱ्यात अठरा वर्षं साहेबांचं नाव छापलं जात होतं. आता मुलांच्या एका नव्या वाचनालयासाठी स्पर्धा निघाली होती, कुणीही चित्र पाठवावं अशी. आईने पहिल्यांदाच स्वतःच्या नावाने आराखडा केला होता. तो कॉम्प्युटरवर जिवंत दिसेल असं चित्र बनवायला यंत्राला सलग सात तास लागणार होते. रविवारी संध्याकाळी सहाच्या ठोक्याला स्पर्धेचं संकेतस्थळ बंद होणार होतं. त्यानंतर पाठवलेलं चित्र कितीही सुंदर असो, कुणी बघणार नव्हतं.

“सात तासांचे सहा करते बघ,” बटणने तिला वचन दिलं होतं.

“बरं, पळवा,” बाबा म्हणाले. “पण मला दाखवू नका. मला ते बघवणार नाही. आणि पळवायच्या आधी त्या स्क्रूचं काय ते बघ.”

स्क्रूची गोष्ट अशी. कॉम्प्युटर जोडून झाल्यावर टेबलाखाली एक स्क्रू सापडला होता. बटण म्हणाली, जास्तीचा दिलाय. बाबा म्हणाले, चाळीस वर्षांत मी जास्तीचा स्क्रू पाहिलेला नाही, फक्त न लावलेले पाहिलेत. यावर बरीच वादावादी होऊन शेवटी तो स्क्रू काचेच्या छोट्या डबीत घालून खिडकीत ठेवण्यात आला. येता-जाता बाबा त्याच्याकडे बघायचे. एखाद्या हरवलेल्या मुलाकडे बघावं तसे.

शनिवारी दुपारी बटणने सॉफ्टवेअर सुरू केलं. पडद्यावर एक गोल तबकडी आली आणि तिचा काटा सरकू लागला. तीन टक्के. पाच टक्के. कॉम्प्युटरचा पंखा आधी गुणगुणला, मग घरघरला, मग खोलीतून विमान उडतंय असा आवाज करू लागला. एकोणीस टक्क्यांना पडदा काळा झाला.

“घाबरू नका!” बटण ओरडली. “हे अपेक्षित आहे!”

“अपेक्षित आहे तर तू का ओरडतेयस?” आईने विचारलं.

कॉम्प्युटर आपला आपण पुन्हा सुरू झाला, झालं गेलं विसरला आणि एक पायरी खालून पुन्हा पळू लागला. असा तो पाच वेळा पडला. पाचही वेळा आई खुर्चीतून उठली आणि पाचही वेळा बटणने तिला खांद्याला धरून खाली बसवलं. शेवटी पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. अभिनंदन, चौदा टक्के जास्त वेग, स्थिर.

“स्थिर!” बटणने आईला मिठी मारली. “सहा तास आणि वर थोडी मिनिटं. झालं की नाही?”

खरी आफत इथून सुरू झाली, कारण वेळ वाचला की तो कुठेतरी घालवायला हवा. रविवारी सकाळी साडेनऊला काम सुरू करायचं ठरलं होतं. साडेनऊला आई म्हणाली, “आता एक तास हाताशी आहेच, तर वाचनालयात दिवे लावून घेते. मुलांच्या टेबलांवर छोटे छोटे.” छोटे छोटे करता करता चाळीस दिवे झाले. मग फरशीत त्या दिव्यांची प्रतिबिंबं पडायला नकोत का? मग खिडकीतल्या बाकावर एक उघडं पुस्तक हवंच. वाचलेला एक तास असा दीड तास पुरला, आणि आईने काम सुरू केलं तेव्हा स्वयंपाकघरातल्या घड्याळात अकरा वाजले होते.

“तरी दिवे धरून साडेपाचपर्यंत होईल,” बटण म्हणाली.

अकरा पस्तीसला पडदा काळा झाला.

“अपेक्षित आहे का?” आईने हळूच विचारलं.

 बटणने पुन्हा सुरू केलं. दहा मिनिटांनी पुन्हा काळं. आणि झालेलं सगळं पुसून गेलेलं. सॉफ्टवेअरने स्थिर म्हटलं होतं ते दहा मिनिटांची परीक्षा घेऊन. सलग सहा तास पळायचंय हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता गणित भलतंच झालं होतं. मूळच्या वेगाने गेलं तर सात तास, आणि शिवाय चाळीस दिव्यांचं ओझं. हातात उरले होते जेमतेम सव्वासहा. वेग नको म्हणावं तर वेळ पुरत नव्हता आणि वेग हवा म्हणावं तर कॉम्प्युटर उभा राहत नव्हता.  आईने चष्मा काढून तो पदराने पुसायला घेतला, आणि पुसून झाला तरी पुसतच राहिली. बटणला वाटलं, त्यापेक्षा ती रागावली असती तर बरं झालं असतं.

“बाबा!” तिने हाक मारली.  “बाबा, या ना!”

बाबा दारातच उभे होते. बघवणार नाही म्हणाले होते, म्हणून डोळे मिटून ऐकत होते.

“जरा चालू कर गं,” ते म्हणाले. “फक्त पंखा ऐकू दे.”

पंखा सुरू झाला. बाबांनी मान तिरकी केली. दुकानात एखादं घड्याळ कानाला लावावं तसा त्यांनी डबड्याला कान लावला.

“लंगडतोय.”

“पंखा लंगडेल कसा, बाबा?”

“ऐक ना. तीन ठोके सरळ, चौथा पडतो. हा एका बाजूने कलून बसलाय. याला चार पाय असतील. तीनच टेकलेत. बंद कर.”

मग त्यांनी खिडकीतली काचेची डबी आणली. आणताना चेहरा अगदी साधा ठेवला होता, पण चालण्यात विजय लपत नव्हता. प्रोसेसरला थंड ठेवणारा पंखा ज्या चार स्क्रूंवर बसतो, त्यांतला मागचा, हात न पोचणारा एक बटणने लावलाच नव्हता. पंखा कलला होता, प्रोसेसर तापत होता, आणि तापला की कोसळत होता. बाबांनी डोळ्याला भिंग लावलं, बारीक पेचकस घेतला आणि चिमट्यात धरून तो स्क्रू त्याच्या जागी बसवला.

“जास्तीचा,” ते एवढंच म्हणाले.

“बोला, बोला,” बटण म्हणाली. “आज सगळं ऐकून घेणार आहे मी.”

“आणि चौदा नको. सात ठेव. घड्याळ सुधारताना जेवढं पुढे न्यावंसं वाटतं ना, त्याच्या निम्मंच न्यायचं.” एवढं बोलून त्यांना एकदम जाणवलं की आपण आत्ता एक घड्याळ पुढे न्यायचा सल्ला दिला. ते खोकले.

आईने एकेक करून अडतीस दिवे विझवले. फरशीतली प्रतिबिंबं गेली. खिडकीतलं पुस्तक मात्र तिने राहू दिलं. बरोबर बाराला काम सुरू झालं. इतके दिवस तापून मंदावणारा प्रोसेसर आता थंड राहून आधीपेक्षा लवकर काम उरकत होता. थोड्या वेळाने पडद्याच्या कोपऱ्यात अंदाज आला: काम संपायची वेळ, सहा वाजून दोन मिनिटं.

“दोन मिनिटं!” आईने कपाळाला हात लावला. “फक्त दोन!”

“मी वेग वाढवते. सातचे नऊ करते,” बटणचा हात पुढे गेला. बाबांनी तो वरच्यावर धरला.

“दोन मिनिटांसाठी पुन्हा पाडू नकोस.”

“मग दोन मिनिटं आणायची कुठून?”

“येतील,” बाबा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

पुढचे सहा तास त्या घरात कुणी मोठ्याने श्वास घेतला नाही. पंखा सरळ चालीने चालत होता. दर अर्ध्या तासाने खिशातल्या फोनवरून त्या तिघींतली चष्मिस विचारायची, “पडला का गं?” आणि बटण कुजबुजायची, “गप. नाव काढू नकोस.” बाबांनी आज दुकान उघडलंच नाही. ते खुर्चीत बसून पंखा ऐकत होते आणि मधूनच स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे बघून मान खाली घालत होते. बटणला वाटलं, किती काळजी करतात बिचारे.

साडेपाच. पावणेसहा. चित्र वरून खाली हळूहळू उमटत होतं. छत आलं, कपाटं आली, दोन दिव्यांचा उजेड मुलांच्या टेबलावर पडला. सहाला पाच कमी असताना खिडकीतला बाक यायचा होता. सहा वाजले. आईने हात मांडीवर ठेवले.

सहा वाजून दोन मिनिटांनी चित्र पूर्ण झालं. ते इतकं सुंदर होतं की त्यात जाऊन बसावं. खिडकीत पुस्तक उघडं होतं. खाली कोपऱ्यात आईचं नाव होतं.

“चांगलं झालंय ना?” आई म्हणाली. आवाज अगदी शांत होता. “राहू दे. पुढच्या वेळी बघू.”

बटणला रडू फुटलं. “माझ्यामुळे झालं हे सगळं. मी वेग वेग करत बसले, म्हणून तू दिवे लावत बसलीस, आणि तो स्क्रू—”

“पाठव,” बाबा म्हणाले.

“आता काय पाठव? दोन मिनिटं होऊन गेली!”

“अजून आठ आहेत.” बाबांचं लक्ष स्वतःच्या पायांच्या बोटांकडे होतं. “आधी पाठव गं. मग सांगतो.”

आईने पाठवलं.  पडद्यावर उत्तर आलं: आपलं चित्र मिळालं. वेळ, पाच वाजून चौपन्न मिनिटं.

दोघी पडद्याकडे बघत राहिल्या. मग स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे. तिथे सहा वाजून चार मिनिटं झाली होती. मग दोघी एकदम बाबांकडे वळल्या.

“ते घड्याळ,” बाबा म्हणाले, “दहा मिनिटं पुढे आहे.”

“कधीपासून?”

“तू पहिलीत गेलीस तेव्हापासून.” त्यांनी घाम पुसला. “पहिल्या आठवड्यात तुला दोनदा उशीर झाला. तू फाटकाबाहेर उभी राहून रडत होतीस आणि आत जायला घाबरत होतीस. मला ते बघवलं नाही. म्हटलं, आठवडाभर ठेवू पुढे, मग नीट लावू. मग तू हसत जायला लागलीस. मग नीट लावायचा धीर होईना. मग फोन आला, त्याचीही वेळ तशीच लावावी लागली. मग कॉम्प्युटर…”

“माझा फोनसुद्धा?” आईने विचारलं. “म्हणजे ऑफिसात सगळ्यांच्या आधी पोचते म्हणून माझं जे कौतुक झालं—”

“ते तुझंच आहे,” बाबा घाईघाईने म्हणाले. “घड्याळाने फक्त सांगितलं. चाललीस तू.”

“आणि शाळेची घंटा!” बटण किंचाळली. “मी मुख्याध्यापिकाबाईंना त्यांच्या तोंडावर सांगितलं, बाबा! त्या दोन दिवस घंटेवाल्या मावशींना बोलत होत्या!”

“म्हणून तर मी म्हणायचो, शाळेच्या कारभारात लुडबुड नको.”

“पुढे जाणारं घड्याळ खोटं बोलत असतं, नाही का हो?” आईने विचारलं.

 बाबा इतके ओशाळले होते की बटणला हसू आलं, आणि हसता हसता पुन्हा डोळे भरून आले. पण हे रडणं वेगळं होतं. तिला ते बंद फाटक आठवलं. इतकी वर्षं ती रोज त्याच्यासमोर सगळ्यात आधी उभी राहायची आणि मनात म्हणायची, मला उशीर होत नाही, मी तशी मुलगीच नाही. ती वेळेवर पोचणारी मुलगी झाली होती ती याच दहा मिनिटांमुळे. रोज सकाळी कुणीतरी न बोलता तिच्या खिशात ती घालून ठेवत होतं आणि कधी परत मागत नव्हतं. आणि आज तीच दहा मिनिटं आईच्याही कामी आली होती.

तिने बाबांच्या गळ्यात हात टाकले. “थँक्यू,” ती त्यांच्या शर्टात म्हणाली. “पण दुपारीच का नाही सांगितलंत? आम्ही सहा तास श्वास कोंडून बसलो होतो!”

“वाटलं, सहाच्या आत संपेल. मग सांगावंच लागणार नाही.”

खिशातून चष्मिसचा आवाज आला, “काका, माझ्या घरचं पण घड्याळ लावून द्याल का?”

बाबा स्टूल घेऊन स्वयंपाकघरात गेले. चेहरा पडला होता. “आता कळलंच आहे सगळ्यांना,” ते म्हणाले. “कळल्यावर त्याचा उपयोग काय? आपण मनातून दहा मिनिटं वजा करत बसणार. लावतो नीट.”

ते स्टुलावर चढणार, तोच बटण पुढे झाली आणि स्टुलावर स्वतःच चढून उभी राहिली. तिचं डोकं घड्याळाच्या बरोबरीला आलं होतं. तिने कमरेवर हात ठेवले आणि खाली उभ्या असलेल्या आईबाबांकडे पाहिलं.

“आई, बाबा, ऐका. मी ठरवलंय,” ती म्हणाली. “आजपासून या घरातली सगळी घड्याळं मी लावणार. फोनची, कॉम्प्युटरची आणि हे सुद्धा. आणि कुठलं किती पुढे आहे, ते कुणालाही सांगणार नाही.”